लांगरहान्सची बेटे : माणूस खोलवर पाहायला कसा शिकला

शाळेत आम्ही जो इतिहास शिकवतो तो बहुतांशी राजे, लढाया आणि तह यांचा असतो. तो शिकवलाच पाहिजे. परंतु माणसाने आजवर जे मिळवले ते सगळेच काही रणांगणावर मिळवलेले नाही. पुष्कळसे त्याने एका जागी बसून, डोळ्याला भिंग लावून मिळवले आहे. प्रस्तुत लेखात अशाच एका शोधाचा इतिहास सांगण्याचा विचार आहे. आपल्या पोटात, जठराच्या मागे स्वादुपिंड नावाचे एक इंद्रिय असते. त्यात नुसत्या डोळ्यांना जेमतेम ठिपक्याएवढे भासतील असे पेशींचे लाखो पुंजके विखुरलेले असतात. रक्तातील साखरेचा सगळा कारभार या पुंजक्यांच्या हाती आहे. हे पुंजके प्रथम कोणी पाहिले, त्यांचे काम कधी कळले आणि त्यांच्यातून वाहणाऱ्या सूक्ष्म रक्तवाहिन्यांचे लांबी, रुंदी आणि खोली असलेले संपूर्ण चित्र माणसाला कसे मिळाले, ही हकीकत सुमारे दीडशे वर्षांची आहे.

मी बी.ए., बी.एड. झालेला इतिहासाचा शिक्षक. विज्ञानाच्या प्रांतात मी का शिरलो, याचे कारण आधी सांगितले पाहिजे.

काही वर्षांपूर्वी माझ्या वर्गात आठवीत एक मुलगी होती. तिचे नाव येथे देत नाही. एके दिवशी चौथ्या तासाला ती बाकावर डोके ठेवून बसली. मी दोनदा हाक मारली, तिने नीट उत्तर दिले नाही. मी दरडावले, "झोप येत असेल तर घरी जा." ती उठून उभी राहिली, तिचे हात थरथरत होते, कपाळाला घाम आला होता, आणि पुढच्याच क्षणी ती खाली बसली. तिच्या शेजारच्या मुलीने धावत येऊन तिच्या दप्तरातून साखरेची पुडी काढली आणि तिच्या तोंडात घातली. दहा-पंधरा मिनिटांनी ती सावरली. त्या शेजारणीला जे ठाऊक होते ते मला, तिच्या वर्गशिक्षकाला, ठाऊक नव्हते. मुलीला बालवयातला मधुमेह होता. ती दिवसातून चार वेळा इन्सुलिन टोचून घेत होती, आणि दुपारचे इंजेक्शन ती शाळेच्या स्वच्छतागृहात कडी लावून घेत असे.

संध्याकाळी तिची आई शाळेत आली. रागावलेली नव्हती, घाबरलेली होती. म्हणाली, "सर, एवढी मेहेरबानी करा, हे कोणाला कळू देऊ नका. मुलीची जात आहे, उद्या लग्नाचे पाहायचे आहे." मी मान डोलावली. दुसऱ्या दिवशी मी त्या मुलीची माफी मागितली. तेव्हा तिने मला एक प्रश्न विचारला, "सर, सगळे म्हणतात माझे इन्सुलिन संपले. पण माझ्या आत नक्की काय संपले?" मला उत्तर देता आले नाही. मी पुस्तके शोधू लागलो. जे हाती लागले ते येथे मांडतो.

पूर्वपीठिका

मधुमेह हा रोग जुना आहे. आपल्याकडील चरक आणि सुश्रुत यांच्या ग्रंथांत 'मधुमेह' हे नाव आहे. मूत्र मधासारखे गोड होते, त्याला मुंग्या लागतात, हे त्या वैद्यांनी पाहिले होते. इब्न सिनाच्या 'कानून' या सन १०२५ च्या सुमारास पूर्ण झालेल्या ग्रंथातही या व्याधीचा विचार आहे. परंतु रोगाची जागा शरीरात कोठे आहे हे त्यांपैकी कोणालाही सांगता आले नाही, कारण ती जागा डोळ्यांना दिसणारी नव्हती.

पाहणे म्हणजे काय, याचा शास्त्रशुद्ध विचार करणाऱ्यांत बसऱ्याच्या इब्न अल-हैथमचे नाव अग्रभागी येते. अकराव्या शतकाच्या पहिल्या चतुर्थांशात त्याने प्रकाशविद्येवर मोठा ग्रंथ लिहिला. डोळ्यांतून किरण बाहेर पडून वस्तूला स्पर्श करतात हे जुने मत त्याने खोडून काढले. वस्तूवरून येणारा प्रकाश डोळ्यांत शिरतो म्हणून आपल्याला दिसते, असे त्याने प्रयोगांनिशी दाखवले. त्याच्या ग्रंथाचे लॅटिन भाषांतर झाले आणि ते १५७२ साली युरोपात छापले गेले.

दुसरे नाव इब्न अल-नफीसचे. दमास्कसमध्ये शिकलेल्या आणि कैरोत नावारूपाला आलेल्या या वैद्याने १२४२ च्या सुमारास लिहिलेल्या टीकेत असे प्रतिपादन केले की, हृदयाच्या उजव्या कप्प्यातले रक्त मधल्या पडद्यातील छिद्रांतून डावीकडे जात नाही, कारण अशी छिद्रेच नाहीत. ते फुप्फुसातून फिरून डावीकडे येते. फुप्फुसात धमनी आणि शीर यांच्यामध्ये सूक्ष्म मार्ग असले पाहिजेत, हे त्याने तर्काने ओळखले. ते मार्ग प्रत्यक्ष दिसले १६६१ साली. इटलीच्या मार्चेल्लो माल्पीगीने बेडकाच्या फुप्फुसात सूक्ष्मदर्शकाखाली केशवाहिन्या पाहिल्या. तर्क आणि दर्शन यांच्यामध्ये चारशे वर्षे गेली. इब्न अल-नफीसचे ते हस्तलिखितही विस्मृतीत गेले होते. १९२४ साली जर्मनीत शिकणाऱ्या मुहीउद्दीन अत्-ततावी या इजिप्शियन डॉक्टरने ते बर्लिनच्या ग्रंथालयात शोधून काढले.

विद्यार्थी मित्रांनो, या नावांचा अभिमान जरूर बाळगा. पण "हे सगळे आपल्याच लोकांनी आधी शोधले होते" असे म्हणून हात झाडू नका. इब्न अल-नफीसचा तर्क बरोबर होता, तरी तो पाहण्याचे साधन पुढे दुसऱ्यांनी घडवले. ज्ञान हे एका हातातून दुसऱ्या हातात जाते. ज्याचा हात रिकामा राहतो त्याच्याजवळ फक्त आठवण उरते.

एका विद्यार्थ्याचा प्रबंध

आता १८६९ सालच्या बर्लिनमध्ये येऊ. पाउल लांगरहान्स हा वैद्यकाचा एकवीस वर्षांचा विद्यार्थी रुडोल्फ फिर्खो या विख्यात शास्त्रज्ञाच्या संस्थेत काम करीत होता. त्याने सशाच्या स्वादुपिंडाचे सूक्ष्मदर्शकाखाली निरीक्षण केले आणि फेब्रुवारी १८६९ मध्ये पदवीसाठी प्रबंध सादर केला. त्यात त्याने स्वादुपिंडातील नऊ प्रकारच्या पेशींचे वर्णन केले. त्यांपैकी एक प्रकार चमत्कारिक होता. लहान, फिकट, बहुकोनी पेशींचे पुंजके इतर पेशींमध्ये जागोजाग पसरलेले होते. या पेशींचे कार्य काय, हे आपल्याला सांगता येत नाही, अशी प्रांजळ कबुली त्या तरुणाने दिली.

मला या कबुलीचे फार मोल वाटते. आपली मुले परीक्षेत 'माहीत नाही' असे लिहिण्यास लाजतात. लांगरहान्सने पाहिले ते लिहिले आणि जे कळले नाही ते कळले नाही असे लिहिले. पुढे त्याला क्षयाने गाठले. हवा मानवावी म्हणून तो पोर्तुगालच्या मदेरा बेटावर जाऊन राहिला, तेथे समुद्री किड्यांचा अभ्यास करीत राहिला, आणि जुलै १८८८ मध्ये, वयाची एक्केचाळीस वर्षे पूर्ण होण्याच्या काही दिवस आधी, मूत्रपिंडाच्या विकाराने वारला. आपण पाहिलेले पुंजके काय करतात हे त्याला कधीच कळले नाही. पुढच्याच वर्षी, १८८९ मध्ये, स्ट्रासबर्ग येथे फोन मेरिंग आणि मिंकोव्स्की यांनी एका कुत्र्याचे स्वादुपिंड काढून टाकले, आणि त्या कुत्र्याला मधुमेह झाला. रोगाची जागा सापडली होती.

१८९३ साली फ्रान्समधील लागेस याने त्या पुंजक्यांना 'लांगरहान्सची बेटे' असे नाव दिले आणि ते रक्तात काही स्राव सोडत असावेत अशी शंका व्यक्त केली. मराठी पुस्तकांत त्यांना द्वीपके असेही म्हणतात. १९०१ मध्ये अमेरिकेतील यूजीन ओपी याने मधुमेहाच्या रोग्यांत ही बेटेच बिघडलेली असतात हे दाखवले. १९०७ मध्ये लेन याने बेटांतील अल्फा आणि बीटा अशा दोन जातींच्या पेशी वेगळ्या ओळखल्या. पुढे कळले की बीटा पेशी रक्तातली साखर उतरवणारे इन्सुलिन बनवतात आणि अल्फा पेशी साखर चढवणारे ग्लुकागॉन बनवतात. एखाद्या ग्रंथीतून थेट रक्तात मिसळून दूरवर हुकूम पोचवणाऱ्या अशा द्रव्यांना 'हॉर्मोन' हा शब्द स्टार्लिंगने १९०५ साली वापरात आणला. आपल्या पाठ्यपुस्तकांत त्याला संप्रेरक म्हणतात.

यानंतरची कथा पुष्कळांना ठाऊक असते. १९२१ च्या उन्हाळ्यात कॅनडातील टोरांटो येथे बँटिंग आणि बेस्ट यांनी मॅक्लिऑड यांच्या प्रयोगशाळेत काम सुरू केले. कॉलिप यांनी अर्क शुद्ध करण्याची रीत बसवली. आणि ११ जानेवारी १९२२ रोजी लिओनार्ड थॉम्पसन या चौदा वर्षांच्या मुलाला पहिले इंजेक्शन देण्यात आले. तो अर्क पुरेसा शुद्ध नव्हता. बारा दिवसांनी अधिक शुद्ध केलेला अर्क दिला आणि त्या मरणोन्मुख मुलाची साखर उतरली. त्यापूर्वी असे मूल काही महिने, फार तर एक-दोन वर्षे जगे. माझी विद्यार्थिनीही चौदा वर्षांचीच होती.

सपाट चित्राची अडचण

परंतु आपला विषय येथे संपत नाही. खरे तर येथे सुरू होतो. बेटे सापडली, इन्सुलिन सापडले, तरी बेट आतून कसे आहे हे नीट कळले नव्हते. याला कारण पाहण्याची पद्धत.

सूक्ष्मदर्शकाखाली मांसाचा तुकडा तसाच ठेवला तर प्रकाश त्यातून पार जात नाही. म्हणून त्याचे केसाहूनही पातळ काप करतात, त्यांना रंग देतात आणि काचेवर ठेवून पाहतात. काप म्हणजे सपाट चित्र. कलिंगडाची एक पातळ चकती पाहून तीत किती बिया आहेत हे सांगता येईल, पण सबंध कलिंगडात बिया कशा रांगेने बसल्या आहेत हे सांगता येणार नाही. नळी आडवी कापली तर कापात फक्त एक वर्तुळ दिसते. ती नळी कोठून आली, कोठे गेली, हे त्या वर्तुळाला ठाऊक नसते.

आमच्या मरोळचेच उदाहरण देतो. मरोळ नाक्यावर २०१४ पासून डोक्यावरून मेट्रो धावते आणि २०२४ पासून जमिनीखालूनही दुसरी मेट्रो धावते. कागदावरच्या नकाशात या दोन रेषा एकमेकींना छेदतात. ज्याने मरोळ पाहिले नाही त्याला वाटेल की दोन गाड्या एकाच ठिकाणी येतात. प्रत्यक्षात एक आकाशात, दुसरी पाताळात, आणि मध्ये आपण रस्त्यावर उभे! नकाशा खोटा नाही; पण त्यात खोली नाही.

स्वादुपिंडाच्या कापातही असेच झाले. कापात बेट हे भोवतालच्या पेशींच्या समुद्रात एकटे पडलेले दिसते, म्हणून त्याला 'बेट' हे नाव शोभले. वस्तुतः १८८२ सालीच क्यूने आणि ली यांनी सशाच्या स्वादुपिंडात असे पाहिले होते की या पुंजक्यांत केशवाहिन्यांची अतिशय दाट जाळी आहे. म्हणजे बेट एकटे नव्हते; ते रक्ताच्या गल्लीबोळांनी गजबजलेल्या बाजारासारखे होते. पण ही जाळी सबंध कशी आहे, रक्त आधी कोणत्या पेशीपाशी येते आणि मग कोठे जाते, हे सपाट कापावरून कसे कळणार?

शास्त्रज्ञांनी एकेक युक्ती काढली. १८८३ साली जर्मनीच्या गुस्टाव्ह बोर्न याने लागोपाठच्या कापांची चित्रे मेणाच्या पत्र्यांवर मोठी करून काढली, ते पत्रे कातरले आणि एकावर एक रचून सबंध अवयवाचा पुतळा उभा केला. काम चिकाटीचे, पण खोली मिळाली. पुढे जपानच्या मुराकामी याने १९७१ साली दुसरी रीत प्रसिद्ध केली. रक्तवाहिन्यांत पातळ प्लॅस्टिक भरायचे, ते घट्ट होऊ द्यायचे, मग भोवतालचे मांस क्षाराने विरघळवून टाकायचे. मागे उरतो तो केवळ रक्तवाहिन्यांचा साचा, आणि तो इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली न्याहाळायचा. १९७३ मध्ये फुजिता आणि मुराकामी यांनी या रीतीने माकडाच्या स्वादुपिंडाचा अभ्यास करून दाखवले की बेटातून बाहेर पडणारे रक्त आजूबाजूच्या पाचक रस बनवणाऱ्या पेशींकडेही जाते. १९८२ मध्ये सुझन बॉनर-वीअर आणि लेलिओ ऑर्ची यांनी उंदराच्या बेटांची रक्तरचना अशीच तपशीलवार मांडली. परंतु या साच्यात एक उणीव होती. वाहिन्या दिसत, पण पेशी विरघळून गेलेल्या असत. गल्ल्या राहिल्या आणि दुकाने नाहीशी झाली.

प्रकाशाचा काप

दुकाने आणि गल्ल्या एकाच वेळी पाहायच्या तर सुरीने कापण्याऐवजी प्रकाशाने कापणे हाच मार्ग होता. १९५७ मध्ये अमेरिकेतील मार्विन मिन्स्की याने एका नव्या सूक्ष्मदर्शकाच्या पेटंटसाठी अर्ज केला. त्यात एका बारीक छिद्राच्या साहाय्याने फक्त एकाच पातळीवरून येणारा प्रकाश घेतला जातो. वरच्या-खालच्या थरांचा गोंधळ अडवला जातो. एकेक पातळी अशी टिपत खाली गेले की तुकडा न कापताही थरांची चळत मिळते. लेसर आणि संगणक आल्यावर १९८० नंतर ही रीत सर्वत्र पसरली. १९९० मध्ये डेंक, स्ट्रिकलर आणि वेब यांनी आणखी खोलवर पाहणारा दोन-फोटॉन सूक्ष्मदर्शक तयार केला; त्याने जिवंत प्राण्याच्या शरीरातील वाहते रक्तही पाहता येऊ लागले.

तरीही मांस अपारदर्शकच. येथे एका जुन्या विचाराने मदत केली. भजी ज्या कागदात बांधून देतात तो कागद तेल लागले की पारदर्शक होतो, हे आपण रोज पाहतो. कागदाचे तंतू आणि त्यांमधली हवा यांच्यातून प्रकाश निरनिराळ्या प्रमाणात वळतो, म्हणून कोरडा कागद पांढरा दिसतो. हवेच्या जागी तेल आले की हा फरक कमी होतो आणि प्रकाश पार जातो. मांसाचेही तसेच आहे. त्यातील पाणी आणि चरबी काढून योग्य द्रव भरला तर अवयव काचेसारखा होतो. जर्मनीच्या श्पाल्टेहोल्ट्स याने विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच हे करून दाखवले होते. शंभर वर्षांनी ती विद्या नव्या रूपात परत आली. २०१३ साली अमेरिकेतील कार्ल डायसेरोथ यांच्या गटाने 'क्लॅरिटी' नावाची रीत प्रसिद्ध केली आणि पाठोपाठ अनेक रीती निघाल्या.

पारदर्शक झालेला अवयव पाहायचा कसा? कौलांच्या फटीतून अंधाऱ्या खोलीत कवडसा आला म्हणजे त्या पट्ट्यातले धुळीचे कण चमकतात, बाकीचे दिसत नाहीत. १९०३ मध्ये झिडेंटोप्फ आणि झिगमोंडी यांनी याच तत्त्वावर अतिसूक्ष्मदर्शक बनवला होता. २००४ साली हुइस्केन, स्टेल्झर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे तत्त्व सजीव वस्तूंसाठी वापरले. प्रकाशाची पातळ चादर बाजूने सोडायची आणि काटकोनातून कॅमेऱ्याने टिपायची. इन्सुलिनच्या पेशींना एका रंगाने चमकणारे प्रतिपिंड, ग्लुकागॉनच्या पेशींना दुसऱ्या रंगाचे आणि रक्तवाहिन्यांना तिसऱ्या रंगाचे लावले की सगळे शहर दिवे लागल्यासारखे दिसते. संगणक हजारो थर जोडून ते पडद्यावर फिरवून दाखवतो.

काय दिसले ?

पहिली गोष्ट अशी की, उंदरावरून माणसाची कल्पना करण्यात चूक होत होती. उंदराच्या बेटात बीटा पेशी गाभ्यात आणि अल्फा पेशी कडेला असतात. माणसाच्या बेटात त्या मिसळलेल्या असतात आणि रक्तवाहिन्यांच्या कडेने मांडलेल्या असतात, हे २००६ च्या सुमारास स्पष्ट झाले.

दुसरी गोष्ट रक्ताच्या दिशेची. बेटात रक्त ठरावीक क्रमाने एका जातीच्या पेशीकडून दुसऱ्या जातीकडे जाते, असे पूर्वी मानत. २००८ मध्ये जिवंत उंदरांत प्रत्यक्ष प्रवाह पाहिल्यावर दिसले की तो सर्व बेटांत एकसारखा नाही. २०२० मध्ये शिकागो येथील संशोधकांनी तर असे दाखवले की बेट आणि भोवतालच्या पेशी यांच्यात रक्त दोन्ही दिशांनी ये-जा करते. म्हणजे 'बेट' हे नाव सुंदर असले तरी अपुरे आहे.

तिसरी गोष्ट २०२४ ची. स्वीडनमधील उमेओ विद्यापीठाच्या संशोधकांनी संपूर्ण मानवी स्वादुपिंडातील इन्सुलिनच्या पेशींचे त्रिमितीय चित्र प्रसिद्ध केले. स्वादुपिंडाचे जाड तुकडे करून, ते पारदर्शक करून, टिपून, संगणकात पुन्हा जोडले. त्यात इन्सुलिनची जवळजवळ निम्मी बेटे अशी निघाली की त्यांत ग्लुकागॉनच्या पेशीच नव्हत्या. दीडशे वर्षे ज्याच्याकडे पाहिले त्यात अजून असे नवे सापडते!

याचा उपयोग काय, असे पालक विचारतील. प्रश्न रास्त आहे. दात्याच्या स्वादुपिंडातून बेटे वेगळी काढून ती रोग्याच्या शरीरात बसवण्याचा प्रयत्न पुष्कळ वर्षे चालू आहे. १९६७ मध्ये लेसी आणि कोस्टियानोव्स्की यांनी उंदराची बेटे वेगळी काढण्याची रीत दिली; २००० साली कॅनडातील एडमंटन येथील डॉक्टरांनी सात रोग्यांत यश मिळाल्याचे जाहीर केले. पण वेगळे काढताना बेटाचा रक्ताचा संबंध तुटतो, आणि नव्या जागी नव्या केशवाहिन्या रुजेपर्यंत अनेक पेशी गुदमरून मरतात. रक्ताच्या गल्ल्या कशा रुजतात हे पाहता आले, तरच ते रोपण टिकवता येईल. या चित्रांचे मोल येथे आहे.

आपल्याकडचे प्रयत्न

हे सारे परदेशातच झाले काय? मुंबईतही पेशी पाहण्याची एक थोर परंपरा आहे. परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी रोगनिदानशास्त्राचा पाया घातला आणि १९५२ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्राचे ते संचालक झाले. त्यांच्या मार्गदर्शनाखाली पुण्याच्या हुजूरपागेत शिकलेल्या कमल रणदिवे यांनी १९४९ साली मुंबई विद्यापीठाची पीएच.डी. मिळवली. अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स येथे जॉर्ज गाय यांच्याकडे पेशी काचपात्रात जिवंत वाढवण्याची विद्या त्या शिकल्या आणि परत येऊन त्यांनी मुंबईत देशातील पहिली ऊतिसंवर्धन प्रयोगशाळा उभारली. संप्रेरके, आनुवंशिकता आणि विषाणू यांचा स्तनाच्या कर्करोगाशी काय संबंध आहे, हा त्यांच्या संशोधनाचा एक प्रमुख विषय होता. १९७३ मध्ये त्यांनी सहकारी स्त्रियांबरोबर भारतीय महिला वैज्ञानिक संघटना स्थापन केली, १९८२ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले, आणि २००१ साली त्यांचे निधन झाले. संप्रेरकांचा पेशींवर होणारा परिणाम मुंबईत भिंगाखाली पाहणारी ही बाई मराठी शाळेतून आली होती, हे आमच्या मुलींनी ध्यानात ठेवावे.

पुण्याच्या राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्रात डॉ. रमेश भोंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच स्वादुपिंडातील बेटांवर अनेक वर्षे संशोधन केले. मद्रासच्या आय.आय.टी.ने २०२४ साली गर्भाच्या मेंदूचे पाच हजारांहून अधिक काप जोडून त्रिमितीय नकाशा जगासमोर ठेवला. बोर्नच्या मेणाच्या पत्र्यांचीच ती थोर नात म्हणायची.

त्या प्रश्नाचे उत्तर

आता त्या मुलीच्या प्रश्नाकडे येतो. पुढे ती दहावीत असताना मी तिला उत्तर दिले. मी म्हणालो, "तुझ्या पोटात लाखो बेटे आहेत. त्यांतल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी तुझ्याच शरीराच्या संरक्षक पेशींनी शत्रू समजून मारल्या. बाकीच्या पेशी आहेत, रक्ताच्या गल्ल्या आहेत. तू गोड खाल्लेस म्हणून हे झाले नाही, कोणाची नजर लागली म्हणून झाले नाही, आणि तुझ्यापासून ते कोणाला लागणारही नाही." आणखी एक गोष्ट सांगितली. पन्नास वर्षांहून अधिक काळ इन्सुलिनवर जगलेल्या रोग्यांची मृत्यूनंतर तपासणी झाली, तेव्हा त्यांच्या स्वादुपिंडांत इन्सुलिनच्या काही पेशी तरीही आढळल्या, असे अमेरिकेतील संशोधकांनी २०१० मध्ये लिहिले आहे. त्या पेशी पुरेशा नव्हत्या. इंजेक्शन त्यांनाही लागतच होते. तरी 'सगळे संपले' हा शब्द खरा नाही. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "हे आईला सांगाल?"

मी सांगितले. म्हणून आज सर्व पालकांना सांगतो. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीनुसार आपल्या देशात दहा कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे. तो आपल्या प्रत्येक गल्लीत आहे. बहुतेकांचा मोठ्या वयातला, दुसऱ्या प्रकारचा. पण काही लेकरांचा असा, ज्यांचे इंजेक्शन एक-दोन दिवस जरी थांबले तरी जिवावर बेतते. कोणी झाडपाला दिला, कोणी दोरा बांधला, म्हणून त्यांचे इन्सुलिन थांबवू नका. "इन्सुलिन सुरू झाले म्हणजे शेवट आला" असे म्हणू नका. लिओनार्ड थॉम्पसनच्या बाबतीत ती सुरुवात होती. आणि असे मूल असेल तर शाळेपासून लपवू नका. शिक्षकाला ठाऊक असेल तर तो त्या मुलाला दरडावणार नाही, साखर देईल. दोष मी माझ्या पदरी घेतला आहे. तो दुसऱ्या शिक्षकाच्या पदरी येऊ नये.

लपवण्याने रोग लपत नाही. लांगरहान्सने जे पाहिले ते उघड लिहिले, समजले नाही तेही उघड लिहिले, म्हणून मागाहून येणाऱ्यांना पुढचे पाऊल टाकता आले. ती मुलगी आता बारावीला विज्ञान शाखेत आहे. दुपारचे इंजेक्शन ती वर्गातच, मैत्रिणींच्या समोर घेते. तिच्या आईनेच तिला तशी मुभा दिली आहे. या लेखाने आणखी एका घरातली कडी निघाली, तर लिहिण्याचे सार्थक झाले असे मी समजेन.